धक्का ते स्टेशन

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत शहरांची नावं मोठ्या अक्षरांत असतात आणि बंदरांची कंसात. रोम (चिवितावेक्किया), फ्लॉरेन्स (लिव्होर्नो), पॅरिस (ल हाव्र), बर्लिन (वार्नेम्युंडे), बँकॉक (लाएम चाबांग). यात खोटं काहीच छापलेलं नाही. जे खरं आहे ते फक्त कंसात टाकलेलं आहे. चिवितावेक्कियापासून रोम सुमारे ८० किलोमीटर, लाएम चाबांगपासून बँकॉक १३० च्या आसपास, ल हाव्रपासून पॅरिस २०० आणि वार्नेम्युंडेपासून बर्लिन त्याहूनही पुढे. हाच न्याय आपल्याकडे लावला, तर मुंबईच्या धक्क्याला लागणाऱ्या जहाजाच्या पत्रिकेत 'नाशिक (मुंबई)' असं बिनदिक्कत छापता येईल आणि त्र्यंबकेश्वराचं दर्शन उरकून चहाला जहाजावर परत, असा दिलासाही वर देता येईल.

आता एवढ्यावरून जहाज कंपन्यांना झोडपणं अन्यायाचं होईल. हे अंतर त्यांनी निर्माण केलेलं नाही. जुनी शहरं वसवणाऱ्यांनी नदीकाठ पाहिला, गोडं पाणी पाहिलं आणि समुद्रावरचे लुटारू सहज येऊन पोचणार नाहीत इतपत आत सरकून मुक्काम टाकला. तिबर, सेन, चाओ फ्राया या नद्यांतून तेव्हाची गलबतं येत-जात होती. पुढे २०२४ साली ३६५ मीटर लांबीचं 'आयकॉन ऑफ द सीज' नावाचं जहाज पाण्यात फिरू लागेल आणि त्यातल्या हजारो लोकांना एकाच सकाळी शहर बघायची इच्छा होईल, हे त्या पूर्वजांना कोणी कळवलं नव्हतं. खुद्द रोमनांनाही आपल्या दारात पुरेसं बंदर मिळालं नाही. चिवितावेक्कियाचं बंदर सम्राट ट्राजनने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधून घेतलं. तेव्हा ८० किलोमीटरची तक्रार करायचीच झाली तर ती एकोणीसशे वर्षं उशिरा पोचणार. माझं भांडण या ८० किलोमीटरशी नाहीच. ते आहे अलीकडच्या दोन-तीन किलोमीटरशी. बंदरापासून शहरापर्यंतचा प्रवास रेल्वेने कधीच सोपा करून ठेवलेला आहे. अवघड आहे तो धक्क्यापासून स्टेशनापर्यंतचा. आणि तो अवघड राहण्यात बऱ्याच मंडळींचं भलं आहे.

चिवितावेक्कियाचंच घ्या. रोमहून तिथे रेल्वे आली १८५९ मध्ये, म्हणजे इटली हे राष्ट्र अजून जन्मायचं होतं आणि रोमवर पोपचं राज्य होतं तेव्हा. आधीचे पोप सोळावे ग्रेगरी यांना रेल्वे म्हणजे अरिष्ट वाटे, त्यांनी आपल्या राज्यात ती येऊ दिली नाही. नववे पायस गादीवर आले आणि रूळ पडले. म्हणजे धर्मसत्तेची समजूत काढून सुद्धा हे काम दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी उरकलेलं आहे. त्याआधी, १८३१ पासून, कादंबरीकार स्टाँदाल इथे फ्रान्सचा वाणिज्यदूत म्हणून नेमणुकीवर होता. गावात त्याला इतका कंटाळा येई की नेमणूक चिवितावेक्कियाला आणि मुक्काम बराचसा रोमला, अशी त्याची नोकरी चाले. घोडागाडीच्या जमान्यात जे एका सरकारी नोकराला जमत होतं, त्यासाठी आज साधी लोकल-वजा गाडी आहे. दिवसभर तासाला साधारण दोन, तिकीट पाच युरोंच्या आसपास, सव्वा तासात रोमचं तेर्मिनी स्टेशन. व्हॅटिकनला जायचं असेल तर त्याच्या आधीच सान पिएत्रो स्टेशनावर उतरायचं. सेंट पीटर्सचा घुमट तिथून दिसतो. म्हणजे घुमट दिसेल त्या दिशेला चालायचं, पत्ता विचारायचीही गरज नाही.

पण या पाच युरोंच्या गाडीपर्यंत पोचायचं कसं? जहाजातून उतरलं की आधी बंदराची बस. ती बंदराच्या हद्दीबाहेर लार्गो देल्ला पाचे नावाच्या ठिकाणी सोडते. तिथून स्टेशनाकडे जायला दुसरी बस, तिचं तिकीट वेगळं, रांग वेगळी. किंवा समुद्राच्या कडेने वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. ८० किलोमीटरला एक तिकीट आणि एक गाडी, तर तीन किलोमीटरला दोन बसगाड्या, दोन रांगा आणि वाटेत उभे राहून 'स्टेशन फार लांब आहे' असं कळकळीने सांगणारे टॅक्सीवाले. गंमत म्हणजे या वाटेवर, बंदरातच, सोळाव्या शतकातला एक भक्कम किल्ला उभा आहे. त्याचं नावच मायकेलँजेलोचा किल्ला. त्याच्या मुख्य बुरुजाचा वरचा भाग मायकेलँजेलोने केला असं मानतात. त्याच्या पायाशी बसची वाट पाहत उभ्या असलेल्या शेकडो माणसांना घाई असते ती रोमला जाऊन मायकेलँजेलोचं काम पाहण्याची.

लिव्होर्नोला हीच गोष्ट थोड्या वेगळ्या पात्रांनी होते. मालाच्या बंदरात पायी चालायला बंदी, आणि ती रास्तही आहे, कारण डोक्यावरून कंटेनर जात असतात. म्हणून पैसे देऊन बसने गावातल्या चौकात या, तिथून शहराच्या बसने स्टेशन गाठा, मग गाडीने दीडेक तासात फ्लॉरेन्स. ग्रीसमध्ये पिरेयसहून अथेन्सला रेल्वे आली १८६९ मध्ये; त्याच्याही तेवीसशे वर्षं आधी अथेन्सवाल्यांनी शहरापासून बंदरापर्यंत दोन्ही बाजूंनी लांबलचक तटबंदी घालून रस्ता सुरक्षित केला होता, कारण बंदर तुटलं तर शहर उपाशी मरेल हे त्यांना कळत होतं. २०२२ मध्ये विमानतळाकडून येणारी मेट्रोही पिरेयसला पोचली. क्रूझच्या धक्क्यापासून त्या मेट्रोपर्यंतची पायपीट मात्र उरलीच. बार्सिलोनात बंदराची बस आणून सोडते ती १८८८ मध्ये उभारलेल्या कोलंबसच्या स्तंभाशी. जागा अगदी योग्य निवडली आहे. उतरलो कुठे आणि समजलो कुठे, या बाबतीत क्रूझच्या प्रवाशांचा मूळ पुरुष तोच.

हे पूर्वीपासून असंच होतं, अशी समजूत असेल तर ती काढून टाकावी. मुंबईत बॅलार्ड पिअरला 'बॅलार्ड पिअर मोल' नावाचं रेल्वे स्टेशनच होतं. विलायतेहून टपालबोट आली की प्रवासी बोटीतून उतरून थेट आगगाडीत चढत. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या प्रवाशांना तिथून उचलून दिल्लीमार्गे पेशावरला नेई. इंग्लंडात साउदॅम्प्टनला १९५० मध्ये ओशन टर्मिनल बांधलं, ते बांधतानाच गाडी आत येईल असं बांधलं. १९८३ मध्ये ते पाडून टाकलं. डोव्हरची कथा तर विनोदी लेखकाला हात लावायला जागा ठेवत नाही. तिथे धक्क्यालगत एक देखणं स्टेशन होतं. १९९४ मध्ये ते बंद झालं आणि त्याच इमारतीचं क्रूझ टर्मिनल करण्यात आलं. त्यामुळे डोव्हरला जहाजातून उतरणारा प्रवासी रेल्वे स्टेशनाच्या छपराखालून बाहेर येतो आणि रेल्वे स्टेशनाला जायला टॅक्सी शोधू लागतो.

ही स्टेशनं का गेली, याचं उत्तर नुसतं 'विमानं आली' एवढंच नाही. विमानं आली तेव्हा बोटीचे प्रवासी आटले, हे खरं. पण नंतर क्रूझच्या रूपाने ते परत आले, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने आले, आणि तरी गाडी धक्क्यावर परतली नाही. कारण जहाजाचा धंदाच बदलला होता. पूर्वी जहाज हे वाहन होतं. माणसाला कुठे तरी जायचं असे आणि जहाज तिथे नेई; धक्क्यावर आणून सोडलं की त्याचं काम संपलं, पुढे न्यायला रेल्वे दारात हवीच. आता जहाज हेच मुक्कामाचं गाव आहे. त्यात बाजारपेठ आहे, नाटकगृह आहे, पोहायचे तलाव आहेत, आणि गावातला पैसा गावातच राहावा असं कुठल्याही गावच्या पुढाऱ्याला वाटतं तसं जहाजालाही वाटतं. प्रवासी स्वतःच्या पायांनी स्टेशनावर गेला म्हणजे दिवसभराचं उत्पन्न स्टेशनावर गेलं. म्हणून जहाजावर रोमची सहल विकायला असते, 'तुमचं तुम्ही फिरा' या नावाखाली नुसतं नेऊन आणायची बसही विकायला असते, आणि तिची किंमत गाडीच्या तिकिटाच्या दहा-दहा पट जाते. स्टेशन कुठे आहे हा प्रश्न मात्र सहलींच्या टेबलावर फारसा उत्साह निर्माण करत नाही.

या जागी व्हेनिसचा दाखला दिल्याशिवाय राहवत नाही. २०१० मध्ये त्यांनी क्रूझच्या धक्क्याजवळून रेल्वे स्टेशनाजवळच्या पियाझ्झाले रोमापर्यंत उंचावरून धावणारी छोटी गाडी सुरू केली. तिकीट दीड युरो, प्रवास काही मिनिटांचा. जगातल्या एका तरी बंदराने हा धक्का-स्टेशनाचा तिढा सोडवला म्हणून समाधान मानावं, तर २०२१ च्या ऑगस्टपासून २५,००० टनांवरच्या जहाजांना त्या वाटेने येण्याची बंदी झाली. बंदीचं कारण योग्यच आहे. संथ पाण्यात उभ्या असलेल्या शहराच्या खिडकीसमोरून दहा-बारा मजली जहाजं नेऊ नयेत. पण परिणाम असा, की गाडी धक्क्यावर आली तेव्हा जहाजं धक्क्यावरून गेली. त्यातली काही आता 'व्हेनिस' म्हणून राव्हेन्नाला लागतात, जिथून व्हेनिस सुमारे दीडशे किलोमीटर आहे. आणि राव्हेन्नाचं क्रूझ बंदर राव्हेन्नातही नाही. ते शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर पोर्तो कोर्सिनीला आहे. कंसाच्या आत आणखी एक कंस घालायची वेळ आली आहे.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत मोठा आक्षेप एका वाक्याचा आहे: जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. हे वाक्य सहलींच्या टेबलाजवळ इतक्या शांतपणे उच्चारलं जातं की ऐकणाऱ्याला आपण आयुष्यभर एकटे धक्क्यावर उभे आहोत असं दिसू लागतं. वाक्य खरं आहे. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय करतं. तुम्ही तुमचे गेला असाल तर दोर सुटतात. धापा टाकत धक्क्यावर धावणारी माणसं, आणि वरच्या डेकवरून त्यांना टाळ्या वाजवून प्रोत्साहन देणारे सहप्रवासी, हा क्रूझवरचा फुकट करमणुकीचा कार्यक्रम आहे. म्हणजे खरं पाहता जहाज बस विकत नाही, ते विमा विकतं. विमा घेण्यात काहीच गैर नाही, पण हप्ता भरण्यापूर्वी धोका किती हे तरी बघावं. तासाला दोन गाड्या असतील आणि जहाजावर हजर राहायची वेळ संध्याकाळी सहाची असेल, तर रोमहून अडीचची गाडी धरणाऱ्याच्या हाती तीनची, साडेतीनची अशा गाड्या शिल्लक राहतात. एवढा विमा पाच युरोंच्या तिकिटात फुकट येतो. शिवाय जहाजाची बस रस्त्याने जाते, आणि रोमच्या वेशीवरची वाहनकोंडी बसवर कोणत्या जहाजाची पाटी आहे हे वाचत बसत नाही. रोज दोन वेळा घड्याळ आणि गाडी यांची गाठ घालत जन्म काढलेल्या डोंबिवली-विरारच्या माणसाने तरी या वाक्याला घाबरू नये.

दुसरा आक्षेप इटालियन रेल्वेच्या संपांचा. हा मात्र खरोखर वजनदार आहे. इटलीत संप होतात, पण ते शिस्तीत होतात: तारीख आधी जाहीर होते, आणि कामाच्या दिवशी संपातही सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत प्रादेशिक गाड्यांची हमी असते. ही सोय कामावर जाणाऱ्यांसाठी आहे. क्रूझचा प्रवासी नऊ वाजता नाश्त्याला दुसऱ्यांदा ऑम्लेट घेत असतो आणि संध्याकाळी सहाला त्याचं जहाज सुटायच्या बेतात असतं. म्हणजे हमीच्या सहा तासांपैकी एकही त्याच्या कामाचा नाही. तेव्हा संपाच्या दिवशी जहाजाची बस घ्यावी, उगाच तत्त्वाला चिकटून राहू नये. वृद्ध आई-वडील बरोबर असतील, कोणाला चाकांच्या खुर्चीची गरज असेल, तरीही बसच घ्यावी. दारातून दारापर्यंत नेणाऱ्या बसची निंदा करण्याएवढे कोणाचे गुडघे कायम मजबूत राहत नाहीत. पण याच मुद्द्याचा दुसरा अर्थ असा, की धक्का ते स्टेशन हा टप्पा सोपा केला तर सर्वांत जास्त फायदा त्याच गुडघ्यांचा होईल.

तिसरा आक्षेप कमी ऐकू येतो आणि जास्त विचार करायला लावतो. जहाजातली पाच हजार माणसं खरंच स्टेशनावर आली, तर रोजच्या गाडीने कामाला जाणाऱ्या स्थानिकांनी कुठे बसावं? चिवितावेक्कियाला एकाच दिवशी दोन-तीन मोठी जहाजं लागतात. त्या सकाळी रोमच्या वाटेवरच्या सांता मारिनेल्लाच्या कारकुनाला जागा मिळणार नाही, हे मान्य. पण हिशेब पुरता करावा. एका बसमध्ये पन्नास माणसं धरली तर पाच हजारांना शंभर बसगाड्या लागतात, आणि त्या शंभर बसगाड्या तोच कारकून जिथे कामाला जातो त्या शहरात जाऊन उभ्या राहतात. माणसं जातातच; प्रश्न ती रुळावरून जावीत की रस्त्यावरून, एवढाच आहे. खास क्रूझवाल्यांसाठी रोमला जादा गाडीही सोडून झालेली आहे. ती सुटते मात्र स्टेशनातून. धक्का ते स्टेशन हे अंतर तिच्याही वाट्याला आलं नाही.

लाएम चाबांगसारख्या बंदरापुढे माझा युक्तिवाद हात टेकतो. तिथे धक्क्यापासून बँकॉकपर्यंत सार्वजनिक वाहनाने जाऊन त्याच दिवशी परतणं हा पर्यटनाचा नव्हे, तपश्चर्येचा भाग आहे. वार्नेम्युंडेला उलट: स्टेशन धक्क्याला इतकं चिकटून आहे की गँगवेवरून उतरून काही मिनिटांत फलाटावर. पण बर्लिन २३० किलोमीटर दूर, जाऊन-येऊन पाच-सहा तास गाडीतच. अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या अक्षरांतलं शहर सोडून द्यावं आणि कंसातलं पाहावं. वार्नेम्युंडेहून लोकलने वीसेक मिनिटांवर रोस्टॉक आहे. ल हाव्र हे दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त होऊन ओग्यूस्त पेरे या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार पुन्हा उभं राहिलेलं शहर, २००५ पासून जागतिक वारसास्थळ. त्याच्याकडे पाठ करून लोक आयफेल टॉवरला पंचेचाळीस मिनिटं भेटायला जातात.

आपण स्वतः यजमान म्हणून काय करतो, हेही बघायला हवं. बॅलार्ड पिअरला आता नवं क्रूझ टर्मिनल आहे. तिथून सीएसएमटी दोन किलोमीटरही नाही, भुयारी मेट्रोचं स्टेशनही तिथेच. परदेशी पाहुणे जहाजातून उतरतात, वातानुकूलित बसमध्ये बसतात आणि सीएसएमटी बघायला जातात, कारण ते जागतिक वारसास्थळ आहे. बाहेरून फोटो काढतात. आतून दर दोन-चार मिनिटांनी गाडी सुटते आहे आणि आपणही तीत बसू शकतो, हे त्यांना सांगणारी पाटी धक्क्यावर असावी असं कोणालाच वाटत नाही. गोव्यात जहाज मुरगावला लागतं. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. जवळच वास्कोला कदंबची पणजीकडे जाणारी विनाथांबा बस मिळते, रांगेत उभं राहून खिडकीवर तिकीट घ्यायचं, घासाघीस नाही, की कुणाची मनधरणी नाही. मुरगावचा धक्का ते वास्कोचा बसस्टँड, एवढंच काय ते टॅक्सीच्या मर्जीवर.

आणि हे कोणाला जमतच नाही म्हणावं, तर गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी कित्येक वर्षं हेच करत आल्या आहेत. गेटवेला एक तिकीट काढायचं. मांडव्याला उतरलं की जेटीवर अलिबागची बस उभी असते आणि तिचं भाडं त्याच तिकिटात आलेलं असतं. बोट आली की बस भरते, भरली की सुटते. यासाठी ना आंतरराष्ट्रीय करार लागला, ना सम्राट ट्राजन. बंदराचं खातं, रेल्वे आणि जहाज कंपनी यांनी एकदा मांडव्याला येऊन ती जेटी बघून जावी, अशी माझी नम्र सूचना आहे. परतीचं तिकीट फार महाग नाही.

तोवर ज्यांना रोमला जायचंच आहे त्यांच्यासाठी शेवटचं एवढंच: चिवितावेक्कियाला कागदी तिकीट घेतलंत, तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्या. जहाज चुकण्याचा धोका थोडा आहे, बिनशिक्क्याच्या तिकिटाला दंड मात्र हमखास होतो.